तिसऱ्या कडव्यातला वारा

“गुरुजी, मूळ गीतात वारा नाही,” आल्डन पाद्री म्हणाले. “तीनदा वाचलं. पैलतीर आहे, शांत पाणी आहे, देवदूत तर ढीगभर आहेत. वारा कुठेही नाही.”

नाइलिमा गुरुजी व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मिटून काय नि उघडून काय, दोन वर्षांपासून त्यांना नुसता उजेड-अंधार कळत होता. वीस वर्षांत शंभरावर इंग्रजी गीतं त्यांनी हवाईच्या बोलीत आणली होती. आता त्यांना गीतांचा, छपाईचा आणि खरं सांगायचं तर पाद्र्यांचाही कंटाळा आला होता.

“नसेल,” ते म्हणाले.

“मग आपल्या तिसऱ्या कडव्यात हा इथला, कोहालाचा वारा कुठून घुसला? तोही नावानिशी! ‘अपाअपाआ थांबेल तिथे माझी वाट पाहा.’”

“मी घुसवला.”

पाद्रींनी कागद मांडीवर ठेवले. सकाळपासून दोन जणांना माती देऊन ते आले होते, बुटांना लाल चिखल तसाच होता. उद्याच्या आगबोटीने हस्तलिखित होनोलुलूच्या छापखान्यात जायचं होतं.

“ती ओळ मी काढतो, गुरुजी. राग मानू नका.”

“काहू,” गुरुजी म्हणाले. पाळकाला तिथे सगळे काहूच म्हणत. “माझी कावेही गेली तेव्हा तुमच्या आधीच्या काहूंनी मला रडू दिलं नाही. म्हणजे आमच्या रीतीनं. माणूस गेलं की त्याच्या गावच्या वाऱ्याला नावानं हाक मारून रडायचं. ते म्हणाले, देवाला हे चालत नाही. मग मी बायकोचा वारा देवाच्याच गाण्यात नेऊन ठेवला. तेवढा एक राहू द्या. आम्हाला मूल ना बाळ. मी गेलो की तिच्यासाठी त्या वाऱ्याला हाक मारणारं कोण आहे? छापलेलं निदान राहतं.”

पाद्रींनी कोटाच्या खिशातून एक पत्र काढलं.

“हे ऐका आधी. मोलोकाईहून आलंय. कालाउपापाहून.”

गुरुजींनी डोळे उघडले. महारोग झाला की सरकार माणसाला तिथे नेऊन सोडायचं. गेलेलं कोणी परत आलेलं नव्हतं.

पाद्री वाचू लागले. “‘मी पुआही, इथल्या गाणाऱ्यांची पुढारीण. तुमचं गीत आम्ही ऐकून ऐकून पाठ केलं. दुसऱ्या कडव्यापर्यंत सूर एक असतो. तिसऱ्यात वारा आला की पंचाईत होते. आम्ही सगळ्या बेटांवरून आलेलो. जो तो आपल्या गावचा वारा म्हणतो, आणि मोठ्यानं म्हणतो. एका ओळीत अकरा वारे सुटतात. गेल्या रविवारी दोन म्हाताऱ्यांनी यावरून एकमेकांवर काठ्या उगारल्या. खरा वारा कोणता ते कृपा करून कळवा, म्हणजे आम्हाला एका सुरात म्हणता येईल.’”

पाद्रींनी पत्राची घडी घातली. “बघा आता. कोणता खरा म्हणून लिहू?”

“किती जण गातात तिथं?”

“चाळीसेक असतील.”

“त्यांच्यासाठी घरी कोणी वाऱ्याला हाक मारून रडलं असेल?”

“अहो, ते जिवंत आहेत अजून!”

“तेच म्हणतो मी. जिवंत माणसासाठी कोण रडणार? आपलं आपणच रडून घेताहेत बिचारे.” गुरुजींनी तोंडावरून हात फिरवला. त्यांना फार वाईट वाटत होतं आणि वाईट वाटून घ्यायचंही त्राण उरलं नव्हतं. “खोडा.”

“ओळ?”

“ओळ नाही. नाव खोडा. तेवढी जागा कोरी सोडा. आणि तिला लिहा, सगळे वारे खरे आहेत.”

“आणि सूर? तो कसा एक राहायचा?”

“नाही राहणार. चौथ्या कडव्यात भेटा म्हणावं.”

“आणि कावेहीबाईंचं काय?”

“खोडा हो काहू, लवकर. उशीर केलात तर माझा विचार बदलेल.”

दौतीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. टाक बुडाला. पण कागदावर टाकाची कुरकुर काही ऐकू येईना. गुरुजी कान देऊन बसले होते.

“खोडलंत?”

“नाही.”

“आता तुम्हाला काय झालं?”

“मूळ गीतात वारा नाही, हे खरंच आहे,” पाद्री म्हणाले. “पण म्हणून काढत नव्हतो मी. जानेवारीत आमची लेक गेली, एमिली. आम्ही इथेच ठेवली तिला, देवळामागे. तिला दुसरं गाव, दुसरा वारा कुठे माहीत होता? तेव्हापासून त्या ओळीला माझा गळा बंद होतो, गुरुजी. सगळी मंडळी गातात आणि मी नुसतं तोंड हलवतो.”

गुरुजींनी हात पुढे करून चाचपडलं. आधी पाद्रींचा गुडघा हाताला लागला, मग हात. तो त्यांनी धरून ठेवला.

“मग खोडा बिनघोर,” ते म्हणाले. “माझ्यामागं त्या वाऱ्याला हाक मारायला तुम्ही आहात.”