पेठेचा डावा पाय

"हा परगावचा पोरगा अगदी आपल्या रणधीरसारखा डाव्या पायावर वळतोय की!" पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचे मॅनेजर सासने खुशीत म्हणाले.

"सारखा कसला? रणधीरचाच खेळ आहे तो," कोच अत्तार म्हणाले. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी तो खेळ थकलेल्या रणधीरच्या मेंदूतून काढून या पोराच्या मेंदूत घातला होता. रणधीरला राजी अत्तारांनीच केलं होतं.

"मग बिघडलं काय?" सासने म्हणाले. "माणूस बदलला, खेळ पेठेतच राहिला."

तेवढ्यात चेंडू घरंगळत मैदानाच्या कडेला उभ्या रणधीरच्या पायाशी गेला.

"रण्या, मार!" अत्तार सवयीनं ओरडले.

रणधीरनं वाकून चेंडू दोन्ही हातांनी उचलला, आदबीनं त्यांच्यापाशी आणला आणि विचारलं, "सर, ह्यो पायानं मारायचा असतो व्हय?"