दुसऱ्यांदा भात

“पुस्तकात तो जेवतो,” श्रुतिका म्हणाली, “आणि सिनेमात मरतो. फरक एवढाच.”

सिनेमा नुकताच सुटला होता. मालाडच्या मॉलमध्ये वरच्या मजल्यावर, खाण्याच्या स्टॉलसमोर तिघं बसले होते. श्रुतिका, तिचा नवरा निलेश आणि तिचे वडील लवू. श्रुतिकाचे डोळे अजून लाल होते. ज्या कादंबरीवरून सिनेमा काढला होता ती तिच्या आईची, नलिनीची, आवडती. नलिनीला जाऊन वर्ष व्हायचं होतं.

“जेवतो म्हणजे?” निलेशने विचारलं. त्याने पुस्तक वाचलं नव्हतं.

“बायकोला स्मशानात पोचवून घरी येतो. शेजारीण पिठलंभात आणते. आपल्यात कसे दोन घास गिळतात आणि ताट सारतात? हा माणूस पोटभर जेवतो. वर भात मागून घेतो.”

“शी! मग बदललं ते बरंच केलं. काय सीन होता यार. तिचा हात धरतो, डोळे मिटतो, खलास. अख्खं थेटर रडत होतं.” निलेशने डोशाचा तुकडा मोडला. “आणि सुटला ना तोही. मागे राहून काय केलं असतं त्याने? कोणाच्या तरी घरी पडून राहिला असता.”

बोलून झाल्यावर त्याने सासऱ्याकडे पाहिलं आणि मग चटणीकडे.

लवूची घाटकोपरची चाळ बिल्डर पाडणार होता. महिनाअखेर खोली सोडायची होती. श्रुतिकाच्या फ्लॅटमधली मागची खोली मोकळी होती. “सिनेमा बघू, मग खोलीचं बोलू,” असं ती फोनवर म्हणाली होती, म्हणून तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. सिनेमा चालू असताना तो त्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला आहे ते आठवत होता.

“तुम्ही काही बोलला नाहीत, बाबा,” श्रुतिका म्हणाली. “कुठलं पटलं? पुस्तकातलं की सिनेमातलं?”

“मी पुस्तक कुठे वाचलंय.”

“तुम्हाला वाचायची गरजच काय?” तिने आवाज खाली आणला. “त्या दिवशी शेजारच्या वसुधाकाकूने पिठलंभात आणला. माझ्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं. आणि तुम्ही ताट पुढे केलंत. म्हणालात, वसुधा, अजून वाढ. सगळे बघत होते. आत्या बघत होती.”

“भूक लागली होती गो.”

“आईची चिता विझली नव्हती अजून!”

“ती गेली म्हणूनच लागली,” लवू म्हणाला.

निलेशचा हात थांबला.

“आजारपणात तिला फोडणीचा वास आला की ओकारी यायची. शेवटी शेवटी भाताच्या वाफेनेसुद्धा. मग मी गॅस पेटवायचा बंद केला. जिन्यात बसून पाव खायचो. घरात यायच्या आधी चूळ भरायचो. भूक अशी लागायचीच नाही. त्या दिवशी पिठल्याचा वास आला आणि घरात कोणी ओकलं नाही.”

“काहीही सांगू नका, बाबा. मी दर रविवारी येत होते. तिच्यासाठी बांगड्याचं तिखलं करून आणत होते. ती खायची. माझ्यासमोर बसून खायची.”

हे सांगायचं नाही, असं नलिनीने त्याला बजावलं होतं. आजवर त्याने सांगितलं नव्हतं.

“खायची,” तो म्हणाला. “तू खाली जाऊन रिक्षात बसलीस की मी बादली धरायचो.”

श्रुतिकाने पर्समधून रुमाल काढला. हातात धरला आणि परत ठेवून दिला. आता ही रडणार, असं लवूला वाटलं. ती रडली नाही. रडायचं ते आत, सिनेमात रडून झालं होतं.

“खोलीचं बोलायचं राहिलंच,” ती म्हणाली. “निलेशच्या आईंना गावाहून आणायचं चाललंय. नाही का रे?”

निलेशला हे नवीन होतं.

“हो,” तो म्हणाला. “म्हणजे, तसं चाललंय.”

“तुमच्यासाठी तिकडेच कुठेतरी भाड्याने बघू. बिल्डर भाडं देतोच ना?”

“देतो,” लवू म्हणाला.

निलेश गाडी काढायला म्हणून उठला. त्याला घाई नव्हती, पण तो भराभर चालत गेला. टेबलाशी बाप आणि लेक उरले. लवूच्या पुढ्यातला डोसा तसाच होता. त्याला भूक होती. त्याने प्लेटला हात लावला नाही.

“मग पुढे काय करतो तो?” त्याने विचारलं.

“कोण?”

“पुस्तकातला. जेवून झाल्यावर.”

श्रुतिका उभी राहिली आणि तिने ओढणी सारखी केली.

“काय माहीत,” ती म्हणाली. “त्याने भात मागितला तिथेच मी पुस्तक मिटलं. अजून निम्मं उरलं होतं.”