चार वर्षांची शुश्रूषा

"पुन्हा एकदा म्हण बघू," मुलगा म्हणाला. "सकाळच्या गोळ्या कोण देतं?"

"सूनबाई," म्हातारीने शाळेतल्या पोरीसारखं उत्तर दिलं.

"आणि संध्याकाळी पाय कोण चेपून देतं?"

"तू," म्हणताना मात्र तिला हसू फुटलं. सून वैतागली. "अहो आई, हसू नका! त्या बाई एवढ्यात येतील."

बाई म्हणजे आयकर खात्याच्या अधिकारी. मुलाने ओळीने चार वर्षं रिटर्नमध्ये लिहिलं होतं, की आजारी आई माझ्याजवळ राहते, आधाराशिवाय तिला पाऊल टाकता येत नाही, तिच्या शुश्रूषेचा सगळा खर्च मी करतो, सबब मला करात सवलत द्या. सवलत मिळतही होती. आई मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुलीच्या दोन खोल्यांत राहत होती. पाऊल म्हणाल, तर रोज तीन जिने चढत होती. मुलगी शिवणकाम करून तिचं सगळं बघत होती, आणि इकडे हा पठ्ठ्या कागदावर आईची सेवा करत होता. काय ती सेवा! दृष्ट लागावी अशी. लागलीच शेवटी. खात्याने त्याचं प्रकरण तपासायला काढलं आणि पत्र धाडलं, की बिलं तयार ठेवा, आम्ही घरी येऊन आईंनाही भेटू.

तेव्हा कुठे त्याला आई आठवली. फोनवर आवाज लोण्याहून मऊ. "आई, आता माझ्याकडे राहायलाच ये. तुझी खोली तयार आहे."

"यात काहीतरी पाणी मुरतंय," मुलगी म्हणाली.

"मुरू दे," आई म्हणाली. "पोटचा पोर आहे." आणि तिने होते नव्हते ते सगळे कपडे दोन पिशव्यांत भरले.

आज सकाळी तो गाडी घेऊन आला. वाटेतच त्याने पढवायला सुरुवात केली, तेव्हा तिला सगळा उलगडा झाला. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण मग तिने स्वतःची समजूत घातली. खोटं तर खोटं! त्या खोट्याच्या निमित्ताने का होईना, मुलाच्या घरात जागा तर मिळतेय. मुलीच्या डोक्यावरचा भार तेवढाच हलका होईल. गाडीतून उतरवून त्याने तिला थेट या खोलीत आणलं आणि पलंगावर बसवलं. पलंग दवाखान्यातला, भाड्याने आणलेला. उशाशी औषधांच्या बाटल्यांची रांग. म्हातारीला वाचता येत होतं. त्यातली एक कुत्र्याच्या जंतांवरची होती.

बेल वाजली. बाई आत आल्या. काटकुळ्या, चष्मा लावलेल्या, काखेत जाडजूड फाइल. त्यांनी एकेक बिल तपासलं, तारखा जुळवल्या, मग खुर्ची ओढून पलंगाजवळ बसल्या.

"आजी, इथे किती वर्षं आहात?"

"चार वर्षं होतील." म्हातारीचा आवाज जराही कापला नाही. गोळ्या सूनबाई देते. पाय मुलगा चेपतो. रात्री खोकला आला तर तोच उठून गरम पाणी आणतो. हे गरम पाण्याचं कुणी शिकवलं नव्हतं, ते तिने आपल्या मनाने घातलं. "असा मुलगा शोधून सापडायचा नाही," ती म्हणाली, आणि मुलाने लाजून मान खाली घातली. सोंगाड्या कुठला!

"हल्ली असं कोण करतं हो?" बाई म्हणाल्या. त्यांनी खिडकीजवळच्या टेबलावर फाइल उघडली आणि शेरा लिहायला पेन काढलं.

मुलाने सुटकेचा श्वास सोडला. दाराशी जाऊन बायकोच्या कानात पुटपुटला, "पाचला पलंगवाला टेम्पो घेऊन येतोय. त्याच टेम्पोत हिलाही बसवून देऊ. आपलं पेट्रोल वाचेल."

आई आजारी असल्याचं ठरलं होतं. बहिरी असल्याचं कुणी ठरवलं नव्हतं.

म्हातारीला अशी चीड आली की कानशिलं तापली. अरे, चार दिवस नाही, एक रात्रसुद्धा नाही? तिने पांघरूण बाजूला केलं. पाय खाली सोडले. कशाचाही आधार न घेता उठली आणि ताठ चालत टेबलापाशी गेली.

"अहो आई, उठताय काय!" सून किंचाळली. मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंचं पेन कागदावर टेकता टेकता थांबलं.

"बाई," म्हातारी म्हणाली, "सकाळपासून दम धरून बसलेय. या घरात बाथरूम कुठे आहे, तेवढं माझ्या मुलाला विचारून सांगता का?"