दळणाचा नंबर
अप्पा दळणाचा डबा घेऊन बाहेर पडले तेव्हा त्यांची सून मेघना बाथरूममध्ये होती. मनवेलपाड्याच्या रस्त्यावरची गिरणी पाडून तिथे कधीच टॉवर झाला होता, पण अप्पांना हल्ली जुनंच आठवायचं. ती ओल्या केसांनीच धावली. टॉवरखाली, मोबाइलच्या दुकानाच्या पायरीवर डबा होता. अप्पा नव्हते. "बाबा रखके गया," वॉचमन म्हणाला. तिने नवऱ्याला फोन लावला. "नंबर लावून अप्पा टॉकीजसमोर चहाला जायचे," केयूर म्हणाला. "टॉकीज कुठंय आता?" "मग सलूनमध्ये बघ." "तेही पाडलं रे." डबा उचलून ती म्हणाली, "हा घेऊन पुढे बघते." "डबा हलवू नकोस," तो घाईने म्हणाला. "नंबर यायच्या आत ते परत येतात." तिने डबा होता तिथेच ठेवला. एकटा डबा रांगेसारखा दिसेना, म्हणून त्याच्यामागे तिने आपल्या चपला काढून ठेवल्या.