पुसलेला पोवाडा

“या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. चालेल?” असं पडद्यावर स्पष्ट लिहून आलं होतं. दिगंबररावांना वाटलं, सगळं म्हणजे फक्त विंडोज. त्यांनी बेधडक ‘हो’ दाबलं. घरच्या संगणकावर विंडोजच्या जागी लिनक्स ही नवी प्रणाली झोकात सुरू झाली, पण त्यावर साठवलेला, त्यांच्या बायकोच्या, शैलजाताईंच्या, वडिलांनी गायलेला पोवाडा कुठेच सापडेना. वडील गेल्यावर त्यांचा तेवढाच आवाज मागे उरला होता.

“संगणक आपोआप बिघडला गं,” दिगंबरराव बायकोला म्हणाले.

शैलजाताईंनी डोळे पुसले. “यंत्रच ते. तुम्ही तरी काय करणार?” म्हणत त्यांनी नवऱ्यापुढे चहा ठेवला आणि भावाला फोन करून सांगितलं. “दाजींनीच काहीतरी खटपट केली असेल,” असं तो म्हणताच त्या कडाडल्या, “माझ्या माणसावर उगाच आळ घेऊ नकोस!” आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

दिगंबररावांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. मान वर न करता ते म्हणाले, “शैला, तो आळ नाही. मीच पुसलं. आणि वर तुझ्याशी खोटं बोललो.”

शैलजाताईंनी फोन त्यांच्यापुढे सरकवला. “वडील त्याचेही होते. हे त्याला तुम्ही सांगा.”

दिगंबररावांनी नंबर लावला. मेहुण्याने फोन उचलूच नये, असं त्यांना मनोमन वाटत होतं.

“बोला दाजी,” पलीकडून आवाज आला, “मघाशी मी उगाच तुमचं नाव घेतलं. माफ करा.”