तिसऱ्या घरातला नळ

लोकांच्या भिंती रंगवता रंगवता पेंटरने स्वतःची तीन घरं केली. पहिलं बँकेकडे गहाण टाकून दुसरं घेतलं, दोन्हींच्या भाड्याच्या जोरावर तिसरं. नवरा-बायको मात्र राहायची ती एका दुकानामागच्या भाड्याच्या खोलीतच. नव्या घराची किल्ली हातात आली की बायको म्हणायची, "या घरात आपणच राहू या की."

पेंटर हसायचा. "आपण राहिलो तर हप्ता कोण भरणार? पुढचं घर तुझं."

तिसऱ्या घरानंतर तिने विचारणंच सोडलं. त्या घराचा नळ मात्र तिच्या मागेच लागला होता. वॉशर बदलला तरी गळायचा म्हणे. दर आठवड्याला ती पिशवीत पाना टाकायची आणि निघायची. "प्लंबरला कशाला पैसे? मीच बघून येते." बायको किती काटकसरी, म्हणून पेंटर चारचौघांत तिचं कौतुक करायचा.

ती वारली. महिन्याभराने तोच पाना घेऊन पेंटर त्या घरी गेला. दार उघडणाऱ्या भाडेकरणीला म्हणाला, "नळ बघायला आलोय. आता ती नाही ना."

ती बाई म्हणाली,

 

"नळ कधीच गळत नव्हता, काका. काकू बाल्कनीत खुर्ची टाकून घटकाभर बसायच्या आणि निघताना मला म्हणायच्या, 'पुढच्या आठवड्यात पुन्हा गळेल हं.'"