डाव्या सीटचा बेल्ट

शर्यतीआधी गाड्या तपासणाऱ्या तपासनीसानं बाबांच्या गाडीतल्या डाव्या सीटचा बेल्ट उलटा करून त्यावरची तारीख वाचली आणि मान हलवली. बेल्टची मुदत संपली होती.

"त्या सीटवर बसतंच कोण?" बाबा म्हणाले. "मी एकट्याच्या गटात धावतो."

"काका, सीट रिकामी असली तरी नियम गाडीला लागतो. सीट काढा, नाहीतर बेल्ट बदला."

चाकाशी बसलेल्या लेकीचा हात थांबला. आई होती तेव्हा दोघं जोडीच्या गटात उतरायचे. मातीच्या रस्त्यावरच्या या शर्यतीत बाबा गाडी हाणायचे आणि आई शेजारी बसून पुढची वळणं सांगायची. ती गेली, बाबांनी गट बदलला, पण सीट काही काढली नाही. बेल्ट आईच्या बारीक चणीला आवळलेला, त्याला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती. ते फुकटचं ओझं वागवत दरवर्षी मागून पहिला नंबर यायचा. मैदानभर चेष्टा व्हायची. बाबा ती कानाआड करायचे.

लेकीला गाडीची नस न् नस ठाऊक. इंजिन तिनंच बांधलेलं. त्या सीटवर बसायला तिचा जीव नुसता तुटायचा. एकदा विषय काढला, तर बाबा भरल्या ताटावरून उठले. पुन्हा कोण विचारतंय! हेल्मेट मात्र तिनं गुपचूप आणलं होतं. हत्यारांच्या पेटीत, तळाशी, चिंध्यांखाली दडवलं होतं. ते बाहेर काढायचं धाडस कधी झालंच नाही.

आता तर सीटच जाणार. बाबांनी पाना मागितला, तिनं दिला. बोल्ट सुटताना बघवेना, म्हणून ती पाठ फिरवून उभी राहिली. डोळे भरून आले होते.

खुडबुड थांबल्यावर तिनं वळून पाहिलं. सीट जागच्या जागी होती. बाबांनी जुना बेल्ट घडी करून काखेत धरला होता. स्वतःच्या सीटसाठी त्यांनी यंदा नवे दोन बेल्ट एकत्र घेतले होते; त्यातला उरलेला कोरा बेल्ट आता डावीकडे लोंबत होता. तो अजून कुणाच्याच मापाचा नव्हता.

"आम्हाला जोडीच्या गटात घ्या," ते तपासनीसाला म्हणाले. दुसरं कोण, असं त्यानं विचारताच त्यांनी लेकीकडे बोट केलं.

ती पेटीकडे धावली. चिंध्या उपसल्या. हेल्मेटवर बोटभर धूळ असणार, या हिशेबानं तिनं ओढणी पुढे केली होती. धुळीचा कण नव्हता. काच लखलखत होती.

"बघतेस काय, घाल ते," बाबा नजर चुकवत म्हणाले. "दर शर्यतीआधी पुसून ठेवायचो. तिचा बेल्ट तेवढा सैल करवेना."